कटिंगचं वय

आमच्या पेडगावात सलूनला कुणी सलून म्हणत नाही. कटिंगला जाऊन येतो म्हणतात, झालं. लहानपणापासून कटिंग म्हणजे केस कापणं आणि दुसरं काही नाही, हे सगळ्या गावाला पक्कं ठाऊक. म्हणून आमचा सलूनवाला पुण्याहून काम शिकून आला आणि त्यानं बापाच्या जुन्या दुकानावर 'कटिंग एज' अशी पाटी लावली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की आता काहीतरी होणार. मी परभणीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. पण मला कोण विचारतंय!

पेंटरला इंग्रजी अक्षरं जमत नव्हती, म्हणून पाटी मराठीत. गावानं ती नीट वाचली. कटिंग माहीत होतं. एजही माहीत होतं, कारण दवाखान्यापासून बँकेपर्यंत सगळीकडं एज विचारतात. म्हणजे कटिंग एज म्हणजे केस कापायचं वय. एक बाई कडेवरचं लेकरू घेऊन गेली आणि याचं जावळ काढायचं वय बसतंय का म्हणून विचारून आली. पारावर दोन दिवस वाद चालला की अठरा पूर्ण लागतात का नाही. मी सांगितलं, अहो, ही एज म्हणजे धार. नांगराचा फाळ कसा सगळ्यांच्या आधी मातीत शिरतो, तसं सगळ्यांच्या पुढं गेलेलं, अगदी नवं, ते कटिंग एज. पारावरचे ऐकून घेत होते. मग एकजण म्हणाला की धार वस्तऱ्याला असावी, पाटीला कशाला? कप्पाळ माझं!

तोवर हसण्यावारी चाललं होतं. पण एके सकाळी आमचे दादा, म्हणजे माझे वडील, कटिंगला म्हणून गेले आणि होती तशी दाढी घेऊन परत आले. म्हणाले, "माझं वय बसत न्हाई तितं."

दादा एसटीत कंडक्टर होते, गावाच्या भाषेत मास्तर. त्यांचं इंग्रजी सगळं तिकिटातलं. हाफ, फुल, पास, सीट, एज. एज लिहिलं की अट असते, हा त्यांचा हिशोब. हाफ तिकिटाला अट, आता म्हाताऱ्यांच्या सवलतीलाही अट. मी धार आणि फाळ पुन्हा समजावून सांगितलं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून चहा पीत बसले. लय हट्टी माणूस. एक दिवसाआड दाढी करणारा, रिटायर झाल्यावरही शर्टाची घडी न मोडणारा हा माणूस दाढी वाढवायला लागला, आणि मी काळजीत पडले.

त्या दुकानाचं आणि त्यांचं नातं वेगळं होतं. दादांच्या तरुणपणी आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसाला त्या दुकानात पाय ठेवता येत नव्हता. वस्तीतली माणसं लिंबाखाली बसून एकमेकांची डोकी भादरायची. दादांना नोकरी लागली तेव्हा ते खाकी घालून दुकानासमोर जाऊन उभे राहिले, काही न बोलता. आजच्या सलूनवाल्याच्या बापानं त्यांच्याकडं पाहिलं, खुर्चीवर टॉवेल झटकला आणि म्हणाला, "या मास्तर, आत बसा." हे मी इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे. त्यानंतर दादांनी दुसरीकडं कधी दाढी केली नाही. बदलीच्या गावाहूनसुद्धा दाढीसाठी घरी यायचे, आई चिडायची.

आता दाढी वाढली तशी गंमत सुरू झाली. शेजारची म्हातारी कोण गेलं म्हणून विचारायला आली आणि कुणीच गेलं नाही म्हटल्यावर जरा नाराजच झाली. परभणीच्या गाडीत कंडक्टरनं त्यांना पुढची सीट दिली आणि वाकून नमस्कार केला. त्याच गाडीतल्या एका बाईनं उतरताना त्यांच्या मांडीवर नारळ ठेवला. म्हणाली, बाबा, म्हैस दूध देईना. दादांनी जन्मभर बुवाबाजीच्या विरोधात भांडणं केलेली. ते खवळले. म्हणाले, माझ्याकडं काय आणता, गुरांच्या दवाखान्यात न्या. बाईनं नेली. म्हशीनं दूध दिलं. झालं! बाबांचा शब्द खरा ठरला म्हणून तिनं गावभर केलं, आणि आमच्या दारात नारळ यायला लागले. दादा प्रत्येकाला दवाखान्यात पाठवायचे आणि प्रत्येकाचा गुण दादांच्या नावावर जमा व्हायचा. जय भीम म्हणून कपाळाला हात लावायचीच पाळी आली.

मी शेवटी सलूनमध्ये गेले. दारातच उभी राहून त्याला म्हटलं, पाटी बदल बाबा, आमच्या घराचं देवस्थान व्हायलंय. तो बिचारा घाबरला. काका परत आलेच पाहिजेत म्हणाला. अर्थ तोच ठेवून दुसरा शब्द द्या म्हणाला. मी 'लीडिंग एज' म्हटलं, तर त्यात पुन्हा एज. 'ब्लीडिंग एज' म्हणजे कटिंगच्याही पुढं, असं सांगितल्यावर तो फार खूश झाला, पण ब्लीडिंगचा अर्थ कळल्यावर त्यानं वस्तरा खालीच ठेवला. 'स्टेट ऑफ द आर्ट'वर तो म्हणाला, लोक बँक समजून पासबुक घेऊन येतील. 'ॲडव्हान्स'ला आधी पैसे द्यावे लागतील म्हणून कुणी येणार नाही. 'एक नंबर' मीच म्हटलं आणि मीच परत घेतलं, कारण शाळेतली पोरं एक नंबरला कुठं जातात ते मला माहीत आहे. उरला 'अपटुडेट'. तो त्याला जुना वाटला.

मग तो हळूच म्हणाला, "पर ताई, काका पाटी बघून गेले न्हाईत. आत आल्ते. मीच म्हनलं, काका, ही नवी खुर्ची मागं झोपती, तुमाला चक्कर यील. जुनी खुर्ची लिंबाखाली ठिवलीय. तुमी भायेर बसा."

भायेर बसा. त्यानं काळजीनंच म्हटलं होतं, त्याच्या वयाच्या माणसाला काय माहीत? मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा बाप काय म्हणाला होता तेही. तो नव्या खुर्चीवर मटकन बसला. बापानं हे कधी सांगितलंच नाही, म्हणाला.

दुकान उघडं टाकून तो माझ्याबरोबर घरी आला. दारात नारळवाल्या दोघीजणी बसल्या होत्या, त्यांना ओलांडून आत गेला आणि दादांसमोर उभा राहिला. चूक झाली एवढंच म्हणता आलं त्याला. मग म्हणाला, "मास्तर, चला. आत बसा."

दादांनी हातातला पेपर घडी घालून ठेवला. मग शर्ट बदलला.

नवी खुर्ची खरंच मागं झोपत होती. दादा आडवे झाले, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. चेहरा पांढरा पडला. मी दारातून म्हटलं, दादा, चक्कर येतेय, उठा. सलूनवालाही खुर्ची सरळ करायला वाकला.

"ऱ्हाऊ दे," दादा डोळे न उघडता म्हणाले. "आत यायला अर्धी जिंदगी गेली माझी. चक्कर आली तर आतच यिऊ दे."

त्यानं साबण लावला.