बाबासो मगदूम सुनेसाठी कार्ड आणतो

बाबासो मगदूम म्हशीच्या कासेला हात न लावता ती किती दूध देईल ते सांगतो. कसबा बावड्यात कुणाला म्हैस घ्यायची झाली की बाबासोला बाजाराला न्यायचं, अशी रीत पडली आहे. तो दलाली घेत नाही. चहा घेतो, आणि परतीच्या वाटेवर कुणाकुणाची पारख कशी चुकली ते सांगतो. ती यादी लांब आहे. तिच्यात त्याचं नाव नाही.

मी त्याचा शेजारी. साखर कारखान्यात फिटर होतो, आता घरी असतो.

बाबासोची सून प्रियदर्शनी लग्नाचे व्हिडिओ जोडते. राजारामपुरीतला ऋतुराज नावाचा स्टुडिओवाला तिला सगळं शूटिंग पाठवतो. त्यातून नको ते कापायचं, रंग सुधारायचे, गाणी घालायची आणि तासाभराची फिल्म करून द्यायची. गोठ्याशेजारी पूर्वी पेंडीची पोती ठेवायची खोली होती, तिथं तिचं मशीन आहे. मगदुमांच्या घरात धार काढणं हे काम आणि प्रियदर्शनी करते ते ‘कॉम्प्युटरवर बसणं’. त्या बसण्याच्या पैशातून घरात कडबाकुट्टीचं यंत्र आलं. त्या यंत्राला सगळे बाबासोची कडबाकुट्टी म्हणतात.

ऐन लग्नसराईत एका गुरुवारी मशीनच्या पडद्यावर पट्टे आले, आणि मग पडदा काळा झाला. आतलं ग्राफिक्स कार्ड गेलं होतं. चित्र तयार करणारा भाग तो. तो नसला की मशीन घरघरतं, पण दिसत काही नाही. हातातली फिल्म रविवारी द्यायची होती. त्यातले नवरानवरी सोमवारी दुबईला निघणार होते, त्याआधी दोन्ही घरची माणसं एकत्र बसून ती बघणार होती.

ऋतुराजने फोनवर सांगितलं, “वहिनी, रविवारी न्हाई जमलं तर मला दुसरीकडं द्यावं लागंल. आणि दुसऱ्यानं एकदा नीट करून दिलं की...” पुढची कामंही तिकडंच जाणार होती. ते तिला कळलं.

प्रियदर्शनीने त्याच दिवशी फोनाफोनी करून शाहूपुरीतल्या आदर्शच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कार्ड ठरवलं आणि बाजूला काढून ठेवायला सांगितलं. आता फक्त स्कूटरवरून जाऊन आणायचं राहिलं होतं. तेवढ्यात बाबासो उठला.

“बाजारातलं काम हाय. मी जातो.”

“मामा, मग ल्हानच आणा,” ती म्हणाली. “नवीन, एका पंख्याचं. बारा हजारांत बसतंय. मोठं नको.”

“बरं,” बाबासो म्हणाला आणि मला हाक मारली. “चल फिटर, तुला लोखंडातलं कळतंय.”

शुक्रवारी आम्ही निघालो. वाटेत तो म्हणाला, “लाजती पोरगी. जेवताना बी अर्धीच भाकरी म्हनती. आता सासऱ्याजवळ मोठं कसं मागंल?”

मला ते पटलं. आमच्याकडं वाढताना ‘नको’ ऐकायचं नसतं.

दुकानात आदर्शने बाजूला ठेवलेलं कार्ड काढून दिलं. तळहाताएवढं होतं. बाबासोने ते उलटंसुलटं केलं.

“हे पहिलारू. ह्याचा काय भरवसा? ते वरचं कुणाचं?”

वर फळीवर तीन पंख्यांचं एक कार्ड होतं, विटेपेक्षा लांब. आदर्श म्हणाला, “एकजण गेम खेळायचा, त्येचं. त्येनं नवीन घेतलं. वापरलेलं हाय, पर चांगलं हाय. दोनीची किंमत सारखीच पडती.”

“म्हंजे दुसऱ्या वेताची,” बाबासो मला म्हणाला. पहिलारूचा, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या म्हशीचा, भरवसा नसतो; दुसऱ्या वेताची म्हैस डोळे झाकून घ्यावी असं तो नेहमी सांगतो. मला त्याने पंखे बघायला सांगितले. मी बोटाने फिरवले. हलके फिरत होते, कुठं घासत नव्हते. तेवढंच मला कळत होतं, तेवढंच सांगितलं. बाबासोने ते अख्ख्या कार्डाला लागू केलं.

आदर्शने विचारलं, “काका, पॉवर सप्लाय केवढ्याचा हाय तुमचा?”

“थ्री-फेज हाय की.”

“तसं न्हवं. मशीनच्या आतला.”

“आत-भायेर सगळीकडं थ्री-फेज. कडबाकुट्टी चालती त्येच्यावर.”

आदर्शने माझ्याकडं बघितलं. मी पंख्यांकडं बघत होतो. मग त्याला कुणाचा तरी फोन आला आणि तो प्रश्न तिथंच राहिला.

फोन संपताच बाबासोने खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं दाबली. म्हशीचा भाव असाच ठरतो.

“काका, बोटं सोडा. किंमत तोंडानं सांगा.”

“तोंडानं सांगितली की बाजार बिघडतोय.”

दुकानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. शेवटी ती तोंडानेच ठरली. खोड निघाली तर दोन दिवसांत परत, हेही ठरलं. मग बाबासोने धार काढून दाखवायला सांगितलं. आदर्शने कार्ड स्वतःच्या मशीनला लावलं आणि एक गेम सुरू केला. सैनिक पळत होते, पडत होते, परत उठत होते. बाबासो कासेखाली बसल्यासारखा मांडी घालून बघत राहिला. एका वेळच्या धारेवर तो म्हैस घेत नाही, त्यामुळे संध्याकाळी परत बघायचं ठरलं. मधला सगळा वेळ आम्ही समोरच्या कट्ट्यावर बसून काढला. म्हैस असती तर हे अगदी बरोबर होतं.

संध्याकाळी पैसे दिल्यावर आदर्शने कार्डाबरोबर एक जाड वायर पुढं केली. बाबासोने ती परत सरकवली.

“दावं ऱ्हाऊ दे तुमच्याकडं.”

“काका, न्या. लागतंय ते.”

“आमी तसली माणसं न्हवं, पावणं.”

जनावर विकलं तरी दावं विकणाऱ्याकडं राहतं. त्याच्या गोठ्याची लक्ष्मी त्या दाव्यात असते, घेणाऱ्याने ते मागायचं नसतं. आदर्शला हे कुणी शिकवलं नसावं. तो वायर हातात धरून दारात उभा राहिला.

घरी प्रियदर्शनीने खोका उघडला.

“मामा, हे कुठलं?”

“मोठं हाय. तू मागितलं न्हाईस, पर मला कळतंय.”

“मी ल्हान म्हणलेलं.”

“म्हणलीस की.”

“मग?”

तिने मशीनचं झाकण काढलं. “हा डबा दिसतोय न्हवं? ह्यातनं सगळ्याला वीज जाती. हा ल्हान हाय, हे कार्ड ह्याला झेपत न्हाई. म्हणून मी दुकानात बिनवायरीचं ठरवलेलं. ह्याला वेगळी वायर लागती. तीबी न्हाई.”

“ती म्हंजे दावं. ते घ्यायचं नसतंय.”

“दाव्याचं ऱ्हाऊ द्या मामा, हितं वैरणच न्हाई.”

बाबासो खाली बसला. ती पुढं म्हणाली, “मी लाजून ल्हान म्हणलं न्हवतं. मला ल्हान लागत होतं म्हणून म्हणलं.”

बाबासो म्हणाला, “मग त्या ऋतुराजला सांग, दोन दिस थांब म्हणावं.”

“तुमी दूध संस्थेला सांगतासा काय, दोन दिस दूध न्हाई म्हणून?”

तिने स्कूटरची किल्ली काढून ठेवली. सकाळी दुकान उघडताच ती स्वतः जाणार होती. बाबासोचा चेहरा उतरला. त्याने घेतलेलं जनावर सून परत करायला गेली, हे बावड्यात एका दुधाच्या वेळेत पसरलं असतं.

“तू नको. मीच जातो,” तो म्हणाला.

शनिवारी परत मी आणि तो. आदर्श शटर वर करत होता.

“काय खोड निघाली, काका?”

इथं काय बोलायचं ते बाबासोला पाठ होतं. पान्हा चोरते, लाथ मारते, वैरण सोडते. बाजारात परत करणारा माणूस जनावराचंच नाव पुढं करतो. कार्ड चालत नाही एवढं म्हणणं सोपं होतं. बाबासो खोक्यावरून हात फिरवत राहिला.

“जनावर चांगलं हाय,” तो म्हणाला. “खोड आमच्या गोठ्यात हाय.”

आदर्शला निम्मं कळलं, पण तेवढं पुरलं. त्याने थोडे पैसे कापले आणि लहान कार्ड दिलं. बाबासोने खांद्यावरच्या टॉवेलला हात लावला नाही. फक्त विचारलं, “ह्याला वायर?”

“ह्याला लागत न्हाई.”

“बरं.”

प्रियदर्शनीला ते बसवायला चहा उकळण्याएवढा वेळ लागला. पडद्यावर नवरीची मेंदी दिसली आणि ती कामाला लागली. त्या संध्याकाळची तिच्या वाटची धार बाबासोने काढली. सून कुठं आहे असं त्याच्या बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “कामात हाय.” बसली आहे असं म्हणाला नाही.

रविवारी दुपारच्या आत ती फिल्म घेऊन राजारामपुरीला गेली. येताना पुढच्या लग्नाचं शूटिंग घेऊन आली. हिशेब मांडला तर तिचं एका फेरीचं काम आम्ही दोन माणसांनी दोन दिवस केलं, आणि शेवटी तिने ठरवलेलंच कार्ड आणलं.

पुढच्या आठवड्यात दूध संस्थेत एकाने बाबासोला गाठलं. “तुमी कार्डाचं बी बघतासा म्हणं. आमच्या पोरीला एक घ्यायचं हाय, येतासा काय दुकानात?”

मला वाटलं आता पहिलारू आणि दुसरं वेत निघणार. बाबासोने किटली उपडी करून थेंब झाडले.

“पोरगी काय म्हनती?”

“ल्हान बास म्हनती. पर मी म्हनतो...”

“मग तू कशाला म्हनतोस?” बाबासो म्हणाला, आणि चहाला न थांबता घरी गेला.