एक मूठ खाली

आर्ट्स-कॉमर्सच्या पोरांना खगोलशास्त्र शिकवायचं म्हणजे डोक्याला ताप. सोपे मार्क मिळतील म्हणून विषय घेतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, यात राशिभविष्य आहे ना?" सर चिडायचे नाहीत. "ते सोडून सगळं आहे," म्हणायचे आणि चार धडे झाले, की अख्खा वर्ग मैदानावर न्यायचे, तोही भर दुपारी! दिवसाढवळ्या चंद्र दाखवायची त्यांना भारी हौस.

यंदा मात्र सरांची पंचाईत झाली होती. डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला होता. माणसं, इमारती कशाबशा कळत. दुपारचा फिकट चंद्र काही केल्या दिसेना. कॉलेजात त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. आभाळ न दिसणाऱ्या मास्तराला आभाळ कोण शिकवू देईल? आणि वर्ग गेला तर या माणसाकडे उरणार काय, कप्पाळ!

म्हणून चंद्र दाखवायच्या आदल्या दिवशी, त्याच वेळेला, ते बायकोला घेऊन मैदानावर गेले.

"पूर्वेकडच्या पाण्याच्या टाकीच्या बरोब्बर वर आहे," बायको म्हणाली. "पण हे सोंग किती दिवस चालायचं?"

"चालेल तितके," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी रुबाबात टाकीच्या वर बोट रोखलं. "तो बघा!"

कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी बोट तसंच रोखून धरलं.

"सर, तिथे तो काल होता," वर्गातली इतिहासवाली मुलगी म्हणाली. कायम मागच्या बाकावर, कधी तोंड न उघडणारी. "हात लांब करून मूठ धरली, की त्याच वेळेला तो रोज साधारण तेवढा पूर्वेला, म्हणजे इथे खाली, सरकतो. तुम्हीच शिकवलंत ना? मी तेव्हापासून रोज बघते."

घ्या! भीतीच्या भरात सर स्वतःचाच धडा विसरले होते.

तिने पुढे येऊन त्यांचं मनगट धरलं आणि हात एक मूठ खाली आणला. मग हळूच विचारलं, "सर, दिसत नाहीये का?"

"नाही गं," सर म्हणाले. सांगून टाकल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं.

तसेच ते प्राचार्यांकडे गेले. मागोमाग अख्खा वर्ग.

"अहो, मग वर्ग चालणार कसा?" प्राचार्य म्हणाले.

"आम्ही बघायचं, सरांनी विचारायचं," इतिहासवाली म्हणाली. "आजवर तसंच तर चाललंय."

प्राचार्य हसले. "मग चालू द्या."

सरांचे डोळे भरून आले. या पोरांचे उपकार कसे फेडायचे, त्यांना कळेना. ते वर्गाकडे वळले.

"मग सांगा, चंद्राची कोणती बाजू उजळलीय?"

सगळे धडाधड मैदानाकडे पळाले.