थंडीत गचके खाणारी पिकअप आणि चुडामण मिस्त्री

खानदेशातल्या माणसाला उन्हाचं सगळं कळतं. मे महिन्यात गाडी कोणत्या झाडाखाली लावायची, दुपारी कोणत्या कडीला हात लावायचा नाही, सीटवर बसण्याआधी काय अंथरायचं, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. थंडीचं मात्र त्याला काहीच कळत नाही. साक्रीच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी पौषात पारा पाच-सहावर येतो आणि दरवर्षी लोक असे चकित होतात, जणू ती दुसऱ्या कोणाची थंडी पत्ता चुकून आमच्याकडे आली. शेकोटीभोवती बसून ‘यंदा जास्तच आहे’ म्हणायचं आणि होळीपर्यंत सगळं विसरायचं, एवढीच आमची तयारी.

याला अपवाद चुडामण मिस्त्री.

दहिवेल रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड आहे. दारावर पाटी होती. एका ट्रकवाल्याने गाडी मागे घेताना ती पाडली, म्हणून मिस्त्रींनी ती दुरुस्तीसाठी आत नेली. त्याला अकरा वर्षं झाली. गिऱ्हाइकाची गाडी ते सांगितलेल्या दिवशी देतात. स्वतःची पाटी हे त्यांचं एकमेव रखडलेलं काम.

वय त्रेसष्ट, अंगाने काडी, पण बोटं अशी जाड की दुसऱ्या कोणाची आणून बसवल्यासारखी. दिवाळीत चढलेली माकडटोपी होळीशिवाय उतरत नाही. गाडी आली की ते बॉनेट उघडत नाहीत. आधी चौकशी करतात, घरात स्थळ आल्यासारखी. कुठली? आधी कोणाकडे होती? काय वाहायची? तिथे पाणी कसं? एकदा नरडाण्याच्या एका कारखान्यातला सुपरवायझर वैतागून म्हणाला, “मिस्त्री, गाडी दुरुस्त करायची आहे, लग्न नाही लावायचं.”

मिस्त्री म्हणाले, “लग्नात फसलेला माणूस निभावून नेतो साहेब. गाडी निभावत नाही.”

त्यांच्याकडे गेल्या पौषात दिपमाला आली. दिपमाला डोंगराकडच्या गावातली, पस्तिशीची शेतकरी बाई. नवरा किरण गोठा सांभाळतो आणि ती पिकअप चालवते. आधी किरणच चालवायचा, पण तो वळणावर बोलायला लागला की हात स्टिअरिंगवरून काढतो, म्हणून दोघांनी कामं बदलून घेतली. पहाटे सहा पाड्यांवरचं दूध गोळा करून साक्रीजवळच्या संकलन केंद्रावर सातच्या आत पोचवायचं, हे तिचं काम. सातला तिथून धुळ्याचा टँकर सुटतो. टँकर चुकला की दूध परत, आणि तीनदा चुकला की ती वाट दुसऱ्या गाडीला. केंद्राचा नियमच होता तसा.

दिवाळीत तिने पहूरहून सहा वर्षं जुनी पिकअप घेतली. महिनाभर गाडी सुरेख चालली. मग थंडी पडली. सकाळी चालू व्हायला कुरकुर, झाली की पांढरा धूर, चढावर गचके, ओढ अशी की भरली बैलगाडी बरी. नऊ वाजता ऊन लागलं की गाडी साळसूद, जणू पहाटे दुसरीच कोणी होती. दोन वेळा टँकर चुकला. आता एकच वेळ उरली होती.

तोवर गाडीला सगळ्यांनी तपासलं होतं. गावातल्या भूषणने हीटर प्लग बदलले. दुसऱ्याने डिझेल फिल्टर बदलला. तिसऱ्याने इंजेक्टर साफ केले. धुळ्याच्या एका गॅरेजात कॉम्प्युटर जोडला, तर कॉम्प्युटर म्हणाला की सगळं ठीक आहे. दिपमालाच्या सासऱ्यांनी डॅशबोर्डवर लिंबू-मिरची बांधली. गाडीने सगळ्यांना सारखाच मान दिला, म्हणजे कोणाचंच ऐकलं नाही.

“बठ्ठं बदलाई टाकं नाना, पन गाडी तशीच शे,” दिपमाला म्हणाली. सगळं बदलून झालं होतं आणि गाडी होती तशीच होती.

मिस्त्रींनी चौकशी सुरू केली. पहूरची म्हणताच ते ‘हं’ म्हणाले. तिथे केळी वाहायची म्हणताच आणखी एक ‘हं’. मग विचारलं, “सगळ्यांनी गाडी पाहिली किती वाजता?”

“हीच वेळ. अकरा-बारा.”

“ताप रात्री येतो आणि तू पेशंटला दुपारी दवाखान्यात नेते. डॉक्टर काय करणार?” मिस्त्री उठले, पिकअपच्या बॉनेटवर एक थाप मारली आणि परत खुर्चीत बसले. “आता नको दाखवू. पहाटे मीच येतो.”

“नाना, उद्या टँकर चुकला तर वाट गेली.”

“म्हणून तर येतो.”

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला ते तिच्या अंगणात हजर होते. वीस किलोमीटर स्कूटरवर, अंगात दोन स्वेटर, त्यावर बायकोची शाल, त्यावर रेनकोट. किरणने बॅटरीचा उजेड टाकला आणि क्षणभर त्याला कळेना की हा माणूस आहे की कोणी गादी चालवत आणली. सासूबाई कमलबाई चहा घेऊन आल्या, तर मिस्त्रींनी कप घेतला आणि पितळी दिव्याजवळ धरावेत तसे हात त्याभोवती धरून बसले. हात गरम झाले की मगच ते गाडीला लावतात. गार हाताला गार-गरम कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“लाव चालू.”

दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. अंगणात पांढरा धूर भरला. किरण खोकत गोठ्यात पळाला. मिस्त्री मात्र धुरात उभे राहून मन लावून वास घेत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, चेहरा समाधानी.

“कच्चं,” ते म्हणाले. “डिझेल येतंय, पण जळत नाही.”

मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनापासून समोरच्या रेडिएटरकडे जाणारी वरची जाड रबरी नळी मुठीत धरली. बस, एवढंच. बाकीच्यांनी ज्या ज्या वस्तूला पाने लावले होते, त्यांतल्या एकीकडेही त्यांनी पाहिलं नाही. नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखे ते नळी धरून उभे राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं. दिपमाला घड्याळ पाहत होती आणि मनातल्या मनात सहा पाड्यांना हात जोडत होती.

“काय नाना?”

“लवकर कोमट झाली,” मिस्त्री म्हणाले, बॉनेट बंद केलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. “चल.”

पहिल्या तीन पाड्यांचे कॅन भरले गेले. चौथ्याच्या चढावर गाडीने रोजचं सुरू केलं. गचका, मग दुसरा, मग खोकल्याची उबळ. मागे कॅन एकमेकांवर आपटत होते. साडेपाच वाजून गेले होते. दिपमालाने पहिला गिअर टाकला आणि ओठ मिटून घेतले.

मिस्त्री डॅशबोर्डकडे बोट करत शांतपणे म्हणाले, “हा तापमानाचा काटा कधी वर येतो गं?”

दिपमालाचा आवाज एकदम उजळला. या एका बाबतीत तिला गाडीचा अभिमान होता. “येतच नाही नाना. पहूरच्या शेठनी तेच सांगून गाडी दिली. म्हणे, मे महिन्यात केळी भरून भुसावळचा रस्ता धरला तरी काटा तळाला. इंजिन थंडगार.”

मिस्त्री हसायला लागले. आवाज न करता हसतात ते, फक्त माकडटोपीचा गोंडा हलतो. तो बराच वेळ हलला.

“थांबव गाडी.”

“चढावर?”

“पाड्यावर थांबव. कॅन चढवायला थांबणारच ना तू.”

चौथ्या पाड्यावर पुना नावाचा म्हातारा दुधाचे कॅन घेऊन उभा होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे ढेपीचं रिकामं पोतं मागितलं. पुनाला वाटलं, यांना थंडी वाजतेय, म्हणून त्याने चांगलं जाड निवडून दिलं. मिस्त्रींनी ते गाडीच्या तोंडासमोर, जाळीवर पसरलं आणि सुतळीने चारी कोपरे पक्के बांधले. म्हशीला पावसात झूल घालावी तसं.

पुना म्हणाला, “मिस्त्री, गाडीले थंडी वाजस का?”

“वाजस ना आबा.”

दिपमालाने हे पाहिलं. चार जणांनी हात लावला तरी जमलं नाही आणि या माणसाने गाडीला पोतं नेसवलं. तिला वाटलं, वाट गेली. तिने गिअर टाकला.

पाचव्या पाड्यापर्यंत गचके होतेच, पण दोनांमधलं अंतर वाढलं. तिथे कॅन चढवून ती परत सीटवर बसली, तर काटा तळापासून करंगळीभर वर उठला होता. तिने तो आजवर हललेला पाहिलाच नव्हता. ती इतकी घाबरली की गाडी बंद करायला निघाली.

“राहू दे,” मिस्त्री म्हणाले. “त्याला येऊ दे.”

सहाव्या पाड्याचा चढ सगळ्यांत वाईट. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, एकही गचका न देता, सरळ चढून गेली. वर माथ्यावर पोचली तेव्हा तिने आरशात मागे पाहिलं. धूर नव्हता. मागचा रस्ता, पळसाची झाडं, पुसट उजेडात खालचे पाडे, सगळं स्वच्छ दिसत होतं. महिनाभरात या माथ्यावरून तिला मागचं काही दिसलंच नव्हतं. तिने नुसतं शेजारी बसलेल्या त्या ‘गादी’कडे, मिस्त्रींकडे, पाहिलं, आणि तिच्या अंगावर काटा आला तो थंडीचा नव्हता. या माणसाने एक स्क्रूही फिरवला नव्हता.

सात वाजायला नऊ मिनिटं असताना गाडी केंद्राच्या दारात शिरली. तिथला कारकून स्वप्नील नोंदवही काखेत मारून टँकरजवळ उभा होता. त्याने घड्याळ पाहिलं, मग गाडीचं पोतं पाहिलं.

“ताई, गाडीला नजर लागू नये म्हणून का?”

“दूध मोज भाऊ,” दिपमाला म्हणाली.

कॅन उतरल्यावर मिस्त्रींनी तिला समजावलं. इंजिनाचं पाणी गार असतं तेव्हा आतल्या आत फिरायला हवं. चांगलं तापलं की मग समोरच्या रेडिएटरमधून फिरून गार होऊन यावं. या दोहोंच्या मधे एक झडप असते, थर्मोस्टॅट. मिस्त्री लोक तिला वॉल म्हणतात. पाणी तापेपर्यंत ती बंद असते. तोवर वरची नळी गार राहते. “तुझी नळी पहिल्या मिनिटापासून कोमट व्हायला लागली, म्हणजे वॉल नाहीच. इंजिन तापायला बघतं आणि पहाटेचा वारा त्याला तापू देत नाही. तो वारा पोत्याने अडवला. गार इंजिनात डिझेल अर्धं कच्चं राहतं. तोच धूर आणि तेच गचके.”

“कोणी काढली वॉल? हात मोडो त्याचा.”

मिस्त्रींनी आपले दोन्ही हात पुढे करून पाहिले. “असं नको म्हणू माय. या हातांनी दोनशे तरी काढल्या असतील. मे महिन्यात गाडी तापली की आपल्याकडे पहिला इलाज तोच. गिऱ्हाईकच मागतं. काटा तळाला असला की आपण खूश. काटा थोडा वर यावा लागतो, हे सांगायची वेळच येत नाही.”

ते त्याच दुपारी धुळ्याला गेले. स्पेअर पार्टचे जुने दुकानदार लखीचंद शेठ यांच्यापुढे उभे राहून त्यांनी या गाडीची वॉल मागितली. शेठनी चष्मा वर केला.

“चुडामणभाऊ, तीस वर्षं तुम्ही काढता. आज घालायला निघाले?”

“सुधारतोय शेठ.”

“या वयात?”

“तुम्ही सुधाराल तोवर मी त्यात जुना झालेला असेन.”

शेठनी माडीवर जाऊन, धूळ झटकत, एक डबी आणली. मिस्त्रींनी ती शेजारच्या चहाच्या टपरीवर नेली. टपरीवाल्या सुनंदाबाईंचं पातेलं उकळत होतं, नुसतं पाणी, चहा पडायचा होता. मिस्त्रींनी वॉल सुतळीला बांधून आत सोडली.

“अहो, माझ्या पातेल्यात लोखंड?”

“पितळ आहे अक्का. बघा तर खरं.”

सुनंदाबाई बघू लागल्या. चहाला थांबलेले तिघे-चौघे वाकले. वॉलच्या मधोमध पैशाएवढी तबकडी निवांत बसली होती. पाणी उकळत राहिलं. मग तबकडी हलली आणि कोणी ढकलल्याशिवाय, तारेशिवाय, विजेशिवाय, सावकाश वर उचलली गेली. मिस्त्रींनी सुतळी ओढून ती बाहेर हवेत धरली. वाऱ्यात तबकडी तशीच सावकाश मिटली. त्यांनी पुन्हा पाण्यात सोडली, पुन्हा उघडली. शेठही दुकान सोडून आले होते. चाळीस वर्षं डबीत बंद माल विकला, पण तो काय करतो हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

“आत मेण असतं,” मिस्त्री हळू म्हणाले, देवळात बोलतात तसं. “तापलं की फुगतं. एवढंच.”

सुनंदाबाईंनी ते पाणी ओतून दिलं आणि पातेलं दोनदा घासलं, पण तक्रार केली नाही.

संध्याकाळी ऊन असतानाच वॉल बसली. दुसऱ्या पहाटे मिस्त्री पुन्हा अंगणात. या वेळी त्यांनी दिपमालालाच नळी धरायला लावली. इंजिन चालू होतं आणि नळी गार. पाच मिनिटं, गार. दहा मिनिटं, गार. काटा वर येत होता आणि नळी दगडासारखी. “काही होत नाही नाना,” ती म्हणाली, आणि त्याच क्षणी तिच्या मुठीतून गरम पाणी सरसर पुढे गेलं. तिने हात काढला नाही. गाय पान्हा सोडते तेव्हा हाताला जे कळतं, तेच होतं ते, आणि तो स्पर्श तिच्या हाताला जुना ओळखीचा होता. ती मिस्त्रींकडे पाहत राहिली.

“आलं?” त्यांनी विचारलं.

“आलं.”

त्या दिवशी सहा पाडे करून ती केंद्रावर पोचली तेव्हा सव्वासहा झाले होते. फाटक बंद होतं. टँकरचा ड्रायव्हर आत ब्लँकेट ओढून झोपला होता. दिपमालाने गाडी फाटकाला लावली, खाली उतरली आणि गरम बॉनेटला पाठ टेकून उभी राहिली. पंधरा मिनिटांनी स्वप्नील कान झाकून, चाव्या वाजवत आला आणि तिला पाहून जागीच थांबला.

“ताई, ही कालची फेरी की आजची?”

“आजची. उघड आता,” दिपमाला म्हणाली. “तुला उशीर झाला.”