होल्डवरची लाल गाडी

माझ्या आयुष्यात मी एकदाच दोन सीटची गाडी घ्यायला निघालो, आणि त्या वेळी माझ्या घरात माणूस एकच होतं.

ते माणूस म्हणजे मी. बायकोला, मंदाला, जाऊन दीड वर्ष झालं होतं, मुलगा निखिल कॅनडात होता, आणि मी चाकणच्या कंपनीतून नुकताच रिटायर होऊन चिखलीतल्या फ्लॅटमध्ये पडलेलो. एकतीस वर्षं मी क्वालिटीत काढली. ब्रेकचे पार्ट तपासायचे आणि त्यांना चिठ्ठी बांधायची. हिरवी म्हणजे ओके, लाल म्हणजे रिजेक्ट, आणि पिवळी म्हणजे होल्ड, नंतर बघू. निरोपाच्या दिवशी मी पिवळ्या चिठ्ठ्यांचं एक अख्खं पुडकं घरी आणलं. (चोरी नव्हे. माझ्याच कपाटात उरलं होतं. फार तर होल्ड समजा!)

पहिले पंधरा दिवस मी सकाळी पावणेसहाला सवयीनं कंपनीच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहायचो. बस यायची, ड्रायव्हर ओळखीचं हसायचा आणि न थांबता पुढं जायचा. मग मी दूध घेऊन घरी. अर्ध्या लिटरातलं अर्धं नासायचं. दुपारी घरात इतकी शांतता असायची की मी कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त होऊ द्यायचो. खरं सांगतो, त्या दिवसांत मला फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायलासुद्धा कुणी नव्हतं.

थांब्याच्या मागेच सलीमभाईंचं गॅरेज. एका सकाळी बस नेहमीप्रमाणे निघून गेली आणि गॅरेजच्या दारात मला ती दिसली. लालभडक, टप उघडा, जमिनीला टेकायच्या बेतात असलेली, दोन सीटची स्पोर्ट्स कार!

"सलीमभाई, हे काय आणलंत?"

"वाकडच्या एका आयटीवाल्याची आहे, साहेब. तो गेला परदेशात, आणि ही आली माझ्या गळ्यात. तुम्ही घेऊन टाका!"

"किती चाललीय?"

"दोन लाख बारा हजार किलोमीटर."

"दोन लाख? अहो, ही गाडी आहे की एसटी?"

"साहेब, चालती गाडी चांगली," सलीमभाई हात पुसत म्हणाले. "उभी राहिली की गंजते."

ते गाडीबद्दलच बोलत होते. पण हे वाक्य माझ्याबरोबर घरापर्यंत आलं आणि दिवसभर समोर बसून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी बेचाळीस मुद्द्यांची यादी, टॉर्च आणि चष्मा घेऊन गॅरेजवर हजर! सलीमभाईंनी चहा मागवला. मी पहिल्या दिवशी फक्त डावा दरवाजा तपासला. बिजागरी करकरत होती. स्टीअरिंगला पिवळी चिठ्ठी बांधली आणि म्हटलं, "उद्या बघू." सलीमभाईंनी तेल घातलं. दुसऱ्या दिवशी उजवा दरवाजा. मग वायपर. वायपरवर मी तीन दिवस काढले. हॉर्नवर दोन. तपासून झालं की ड्रायव्हरच्या सीटवर बसून चहा प्यायचा, सलीमभाईंशी गप्पा मारायच्या आणि दहाच्या सुमारास घरी. शेजारच्या सीटवर मी माझी कापडी पिशवी ठेवायचो. ती सीट रिकामी दिसली की मला बघवायचं नाही.

असे नऊ आठवडे गेले. कंपनीत होल्डवरच्या मालाचा निकाल चोवीस तासांत लावायचा असतो. पण इथं गोची वेगळी होती. ओके म्हटलं की गाडी घरी येणार आणि तपासणी संपणार. रिजेक्ट म्हटलं की तपासणी संपणारच. म्हणजे दोन्हीकडून सकाळी पुन्हा अर्धा लिटर दूध आणि घर! (तसा मी निर्णयाच्या बाबतीत पहिल्यापासूनच शूर. मंदाला बघून आल्यावर मी चार महिने कळवलंच नव्हतं. "मलासुद्धा होल्डवरच ठेवलं होतं यांनी," असं ती बारशापासून तेराव्यापर्यंत कुठंही सांगायची.)

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी निखिलला उत्साहानं गाडी दाखवली. त्याचा चेहरा स्क्रीनवर तसाच थिजला. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"बाबा, दोन लाख किलोमीटर?"

"दोन लाख बारा हजार."

"आणि टप उघडा? बाबा, तुम्ही बरे आहात ना? जेवताय ना वेळेवर?"

"अरे, बेचाळीसपैकी सदतीस मुद्दे तपासून झालेत!"

त्यानं फोन ठेवला आणि थेट तळेगावला आत्याला लावला. आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. वय एकोणसत्तर, गुडघे दोन्ही कामातून गेलेले, जीभ मात्र अजून वॉरंटीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षातून थेट गॅरेजसमोर उतरली.

"सुभ्या! म्हातारपणी ह्ये काय काढलंस?"

"अक्का, अजून घेतली नाही. होल्डवर आहे."

"घ्यायची न्हाई! येवढंच सांगाय आलीया मी." असं म्हणत तिनं पिशवीतून नारळ, हळदकुंकू, लिंबू आणि उदबत्तीचा पुडा काढला.

"मग हे कशाला?"

"म्हंजी? इरोध कराय आली म्हनून काय मोकळ्या हातानं येऊ?"

आणि मला काही कळायच्या आत तिनं बॉनेटवर कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा सलीमभाईंच्या हातावर ठेवला! सलीमभाईंचा चेहरा पडला. आमच्याकडे एकदा पूजा झाली की गाडी त्या घरची झाली. व्यवहार वगैरे मागाहून.

"चालवून बघितलीस का?" अक्कानं विचारलं.

"नाही अजून. तो एकेचाळिसावा मुद्दा आहे."

"नऊ हप्ते नुसतीच बघतुयास? आरं, बैलबी जुपून बघत्यात! किल्ली घे."

सलीमभाई पुढं आले. "साहेब, आज राहू द्या ना. पुढच्या आठवड्यात बघू."

"का रं बाबा? मोडकी हाय व्हय?"

"नाही नाही, अम्मा! तसं काही नाही..." ते माझ्याकडे बघत राहिले, मग खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. त्यांचं काय अडलं होतं ते मला त्या वेळी समजलं नाही.

अक्का गाडीत बसली असं म्हणता येणार नाही. ती दार धरून वाकली आणि तिथून पुढचं सगळं गाडीनंच केलं. धप्पकन आवाज आला. माझी पिशवी तिच्याखाली गेली.

"सुभ्या, ह्याची सीट कुटं हाय?"

"बसलीयेस तिच्यावर."

"मग मी रस्त्यावर बसल्यावानी का वाटतंय?"

चाकाखालचं लिंबू फुटलं आणि आम्ही निघालो. अक्काचा पदर फडफडत होता. तळवडे ओलांडेपर्यंत ती मला शिव्या देत होती. पुढं ती अचानक गप्प झाली, आणि मी वळून बघितलं तर बाई हसत होती! "ग्वाड वारं लागतंय रं," ती म्हणाली. मी दीड वर्षात पहिल्यांदा शेजारच्या सीटकडे बघून बोलत होतो. मंदाबद्दल बोललो, निखिलबद्दल बोललो, नासलेल्या दुधाबद्दल बोललो. अक्का ऐकत होती. एवढं बोलायला भरपूर वेळही मिळाला, कारण महाळुंग्याच्या रस्त्याला ट्रॅफिक लागलं होतं. ती गाडी म्हणे सात सेकंदांत शंभराचा वेग घेते. आम्ही तासाला चार किलोमीटर कापत होतो, आणि तिथंच दुपार झाली. दोन्ही बाजूंना कंटेनर, आणि आमची डोकी त्यांच्या चाकांच्या नटबोल्टांच्या पातळीला. (उजवीकडच्या कंटेनरचे दोन नट ढिले होते. मी ड्रायव्हरला ओरडून सांगितलंसुद्धा.)

बोलण्याच्या नादात हातांनी एकतीस वर्षांचा रस्ता आपला आपण धरला. मी भानावर आलो तेव्हा गाडी माझ्या कंपनीच्या गेटसमोर उभी होती.

सिक्युरिटीवाला नवा होता. तो खाली वाकला. बराच वाकला.

"काका, कुणाला भेटायचंय?"

जिथं मी एकतीस वर्षं विनाविचारणा आत गेलो, तिथं मला आता कुणालाच भेटायचं नव्हतं.

"आरं, ह्यो हितला सायेब हाय!" अक्का कडाडली.

"असतील, आजी. पण गाडी मागं घ्या. पहिली शिफ्ट सुटलीय, बसेस निघतील आता."

मी रिव्हर्स टाकला. गाडी पुढं गेली. पुन्हा टाकला. गाडी आणखी पुढं गेली आणि गेटच्या आडव्या दांड्याला नाक लावून उभी राहिली. बेचाळीस मुद्द्यांत मी हॉर्नचा आवाज तीन वेगवेगळ्या अंतरांवरून ऐकला होता, पण रिव्हर्स पडतो का, हे कुठंच लिहिलं नव्हतं!

"अक्का, तू खाली उतर जरा. गाडी ढकलतो."

"सुभ्या," अक्का शांतपणे म्हणाली, "मला उठाय येईना."

मी एक हात धरून ओढलं. सिक्युरिटीवाल्यानं दुसरा. अक्का जागची हलली नाही, माझी कंबर मात्र हलली. तोवर आतल्या बाजूला सात बसेस उभ्या राहिल्या आणि सातही हॉर्न एकदम वाजायला लागले. (सगळे सुस्थितीत होते.) माणसं भराभरा खाली उतरली. आणि त्या गर्दीतून कुणीतरी आनंदानं ओरडलं, "अरे, हे तर आपले होल्डसाहेब!"

"होल्डसाहेब! होल्डसाहेब आले राव!" करत पन्नासेक जण धावले. एकतीस वर्षं माझी समजूत होती की मागं मला सगळे 'कडक साहेब' म्हणतात! पण ते नाव ऐकून मला राग आला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी टायर बघत राहिलो. सगळ्यांनी मिळून 'एक, दोन, तीन' म्हणत गाडी अक्कासकट मागं ढकलली. अक्का आत बसून, निवडून आल्यासारखी, दोन्ही बाजूंना हात हलवत होती. मग चौघांनी तिला बाहेर उपसलं. खाली माझी पिशवी पापडासारखी चपटी झाली होती.

फोन केल्यावर सलीमभाई मोटारसायकलवरून आले. त्यांनी गिअरची दांडी खाली दाबली, मग मागं ओढली. गाडी निमूटपणे मागं गेली.

"दाबून टाकायचा असतो, साहेब," ते हळूच म्हणाले.

"सलीमभाई, झालं तेवढं बस्स. आता स्वस्तिकसुद्धा काढलंय. गाडी घेतली मी. ओके!"

आयुष्यात पहिल्यांदा मी एका दमात निर्णय घेतला होता. सलीमभाई रस्त्याकडे बघायला लागले.

"साहेब, गाडी महिन्यापूर्वीच विकली गेलीय. निगडीचा पोरगा आहे. पुढच्या आठवड्यात नेणार."

"महिन्यापूर्वी? मग मी महिनाभर काय तपासत होतो?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?" ते म्हणाले. "मलाही चहाला सोबत होती हो."

मी गाडीची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. परत येताना अक्का रिक्षानंच आली. माझ्याकडे आठ दिवस राहिली आणि घरातलं दूध एकदाही नासलं नाही. निगडीच्या पोरानं गाडी नेली तेव्हा बॉनेटवरचं कुंकू पुसलं नव्हतं. पूजा फुकटात झाली म्हणून तो खूश होता म्हणे.

अक्का गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पावणेसहाला थांब्यावर उभा राहिलो. बस गेली. गॅरेजकडे जायला आता काही कारण नव्हतं. तरी मान वळलीच. गाडीच्या रिकाम्या जागी सलीमभाईंनी एक प्लास्टिकची खुर्ची मांडली होती, शेजारी चहाचे दोन ग्लास, आणि खुर्चीच्या पाठीला माझीच पिवळी चिठ्ठी बांधलेली.

"ही विकायची नाही, साहेब," ते म्हणाले. "पण एकदा बघून घ्या."

तेव्हापासून मी खुर्ची तपासतोय. मागचा डावा पाय किंचित डुगडुगतो. रिजेक्ट करावी इतका नाही, पण ओके म्हणावं असंही नाही. निर्णय घाईचा नको, म्हणून मी रोज सकाळी जाऊन, तीन तास तिच्यावर बसून, नीट बघून येतो!