उघाडीत अडकलेली पिवळी पाकिटं

आमच्या खाडीकाठच्या शेताच्या बांधाला पावसाचं पाणी खाडीत सोडणारी उघाडी आहे. भरती आली की तिची लाकडी झडप आपोआप मिटते. त्या पावसाळ्यात ती मिटली नाही आणि खारं पाणी थोरल्या भावाच्या भातात शिरलं. चिखलात उतरून भाऊ झडपेतून पिवळी पाकिटं उपसू लागला. सुपरमार्केटच्या स्वस्त बिस्किटांची. पुड्यात ट्रे, ट्रेत पुन्हा पुड्या.

“कोन हाय रं हा एवढा भुकेला?” तो हसला. मीही हसलो.

पेणला माझ्या घरी कचऱ्याची घंटागाडी चुकली म्हणून त्या पाकिटांची पिशवी मीच गावाकडे येताना शेताकडे वाहणाऱ्या नाल्यात टाकली होती.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. “यंदा तुला तांदूळ द्यायला नाय जमणार रं. रागावू नको.”

“असू दे,” मी म्हणालो. त्याला मीच माफ करत असल्यासारखा माझा तो आवाज अजून मला ऐकू येतो.