काकांना प्रार्थना सुचेना

दातवाले काका कवळ्या बनवत. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरमध्ये उमटवलेले जबडे त्यांच्याकडे येत, सोबत चिठ्ठी असे, 'बाई, वय चौसष्ट, वरची'. चेहरा कधी न पाहिलेल्या त्या बाईसाठी काका गुलाबी हिरडी घडवत, एकेक दात मेणात बसवत आणि मग घासून घासून गुळगुळीत करत. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू काकांच्या हातचं आहे, असं लोक म्हणत. त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर असे, "टोचतं तेव्हाचं रडूही माझ्याच हातचं. ते मात्र कोणी सांगत नाही."

पण काकांचं खरं नाव झालं होतं ते प्रार्थनेमुळे. वह्यापुस्तकांच्या दुकानावर एक लांबट खोली होती. रोज संध्याकाळी तिथे तीस-चाळीस माणसं जमत, दोन पदं म्हणत आणि मग डोळे मिटून बसत. मग सगळ्यांच्या वतीने एकाने मोठ्याने प्रार्थना करायची. एकोणीस वर्षं तो 'एक' म्हणजे काका. आवाज भरदार, शब्द पाण्यासारखे वाहायचे. लोक जिन्यातच गाठून सांगत, "काका, आमच्या भावाचं तेवढं त्याच्या कानावर घाला." जणू काकांचं आणि देवाचं रोजचं उठणंबसणं होतं.

एका मंगळवारी मात्र भलतंच झालं. कुणाच्या तरी नोकरीसाठी काका प्रार्थना करत होते. फोनवर बोलता बोलता पलीकडचा आवाज बंद पडावा आणि आपण मात्र बोलतच राहावं, तसं त्यांना मध्येच वाटलं. पलीकडे कुणी नाही. जीभ सवयीने चालू राहिली, शेवटपर्यंत गेली. डोळे उघडले तर पुढच्या रांगेतली एक बाई पदराने डोळे टिपत होती. आत काही नव्हतं, आणि ते कुणालाच कळलं नव्हतं.

असे आठ महिने गेले. काकांनी कुणाजवळ ब्र काढला नाही. सकाळी तासभर आधी उठून ते स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसू लागले. एक वेळचं जेवण सोडून पाहिलं. बसायची जागा बदलली, शब्द बदलले, मग शब्द सोडून नुसते गप्प बसून पाहिले. दात पडल्यावर जीभ जशी पुन्हा पुन्हा त्या खड्ड्यात जाते, तसं मन सारखं तिथेच जाऊन चाचपायचं: आला का? आहे का? चाचपून चाचपून ती जागा हुळहुळी झाली, हाती काही लागलं नाही. संध्याकाळी मात्र आवाज तसाच भरदार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. काकांचा पोहरा रोज भरून येत होता आणि याचीच त्यांना धास्ती वाटत होती.

त्यात मुलीच्या गळ्यापाशी गाठ निघाली. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, एका कचेरीत हिशेबनीस, स्वभावाने बापापेक्षा शांत. सुई घालून नमुना घेतला, रिपोर्ट शुक्रवारी मिळेल म्हणाले. दवाखान्यातून घरी येताना ती म्हणाली, "बाबा, मला फारशी काळजी नाही. तुम्ही आहात ना. तुमचं ऐकतो तो."

काकांनी मान हलवली. आपण आठ महिने सोंग करतोय, आणि आता त्या सोंगाची शिक्षा पोरीला होणार, हा विचार जो डोक्यात शिरला तो निघेना. कामात लक्ष लागेना. बुधवारी डॉक्टरांचा फोन आला, "काका, अहो, बाईंना कुणा पैलवानाची कवळी पाठवलीत. त्यांना तोंड मिटता येत नाहीये." एरवी काका पोट धरून हसले असते. त्या दिवशी त्यांनी नुसती माफी मागितली.

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "काय होतंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "तिच्या गाठीच्या आधीपासून चाललंय हे."

काकांनी हातातलं मेण खाली ठेवलं. "मला काही जाणवत नाही. आठ महिने झाले. मी प्रार्थनेला उभा राहतो आणि नुसता बोलतो."

काकूंनी स्टूल ओढलं. त्यावर बसत म्हणाल्या, "मला तर कधीच काही जाणवलं नाही."

"कधीच?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्याबरोबर येते. बाकीच्यांचे चेहरे बघते. वाटतं, यांना काहीतरी होतंय. मला होत नाही."

"मग येतेस कशाला?"

"मी त्याला दिसते, एवढं धरून चालते. मला तो दिसलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय?"

काकांना यातून धीर यायला हवा होता. उलट जीव आणखी टांगणीला लागला. गावभराची गाऱ्हाणी देवाच्या कानावर घालणाऱ्याने शेजारी बसलेल्या बायकोला तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी खोली भरली होती. बातमी सगळ्यांना कळली होती. मुलगी दुसऱ्या रांगेत आईजवळ बसली होती. काका उठले, डोळे मिटले, "हे दयाळू देवा" म्हणाले आणि थांबले. पुढचे शब्द ओठावर तयार होते. एकोणीस वर्षांचे, घासून गुळगुळीत झालेले. ते बाहेर काढायचं मन होईना. पंख्याची कुरकुर ऐकू येत राहिली. कुणीतरी खोकलं.

"मला आज येत नाही," काका म्हणाले. आवाज अगदीच बारीक निघाला. "मला भीती वाटतेय. तो ऐकतोय की नाही, मला माहीत नाही. बरेच दिवस माहीत नाही. तुम्हाला सांगितलं नाही, माझं चुकलं."

एवढं बोलून ते उभे होते तिथेच खाली बसले.

आता लोक उठून जातील, असं काकांना वाटलं. मग मागच्या भिंतीपाशी बसणारे निवृत्त पोस्टमन बोलू लागले. ते तोतरे होते, म्हणून या खोलीत कधी तोंड उघडत नसत. "दे... देवा," ते म्हणाले, "का... काकांच्या मुलीचं ब... बघ." तेवढंच. त्याला अर्धं मिनिट लागलं असेल. त्यांच्यामागून शिवणकाम करणारी बाई बोलली, तिने आजाराचं नाव चुकीचं सांगितलं. एकीने देवाला दवाखान्याचा पत्ता समजावला, दुसरा मजला, जिना चढून उजव्या हाताला. कुणाचं वाक्य अर्ध्यात तुटलं, कुणी नुसतंच हुंकारलं. शेवटी काकू म्हणाल्या, "यांच्याकडेही बघ." त्या खोलीत त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

काकांनी नंतर घरी सांगितलं, "प्रकाशबिकाश काही पडला नाही. पण मी बोलत नव्हतो, तरी बोलणं चाललं होतं. ते कुणाशी तरी चाललंय असं वाटलं. थोडा वेळ."

शुक्रवारी रिपोर्ट आला. गाठ घातक नव्हती, पण काढावी लागणार होती, आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी. मुलगी दवाखान्याच्या बाकावर बसून रडली. काकांच्या मनात आलं, म्हणजे ऐकलं का त्याने? आणि उलटं आलं असतं तर? ते औषधाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

त्यानंतर काका एकटे प्रार्थना करत नाहीत. पाळ्या लावल्या आहेत. काहींना हे रुचलं नाही. दोन घरं यायची बंद झाली. जिन्यात गाठून सांगणारेही आता कमी झाले, आणि ते काकांना लागतं. पोस्टमनांची पाळी सोमवारी असते, त्या दिवशी सगळ्यांना घरी जायला उशीर होतो.

तपासणीची तारीख जवळ आली की काकांचं अन्न तुटतं. परवा, दुसऱ्या तपासणीला जाताना, बसमध्ये मुलीने विचारलं, "बाबा, आता जाणवतं का?"

"कधी कधी."

"आज?"

"आज नाही."

"मग काय करता?"

"सकाळी त्याला तेच सांगितलं," काका म्हणाले. "म्हटलं, आज तू लागत नाहीयेस. तरी निघालोय आम्ही."

थांबा आला. मुलगी आधी उतरली आणि खाली उभी राहून तिने बापाला हात दिला.