पांढरा राहिलेला तुकडा

नकाशेकाकांच्या हातून चूक होत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची आणि काकाही ते नाकारण्याची तसदी घेत नसत. नगररचना कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं नकाशे काढले होते. घरात भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तरी हातातला घास ठेवून उठायचे. काकू म्हणायच्या, "लग्नाआधी यांनी मलाही पट्टी लावून मोजलं असणार."

निवृत्तीनंतर त्यांचा दिवस खिडकीत जायचा. खिडकीसमोरच शहराभोवतीचा राखीव हरित पट्टा सुरू होत होता. गवत, झुडपं, एक ओढा. त्या पट्ट्याचा मूळ नकाशा काकांनीच रंगवलेला. त्यामुळे तिथे चारशे घरांची वसाहत होणार अशी नोटीस लागली, तेव्हा हरकत घेणाऱ्यांच्या पुढारी, शेजारच्या मुख्याध्यापिका बाई, तडक त्यांच्याकडे आल्या.

"काका, आता तुमच्यावरच सगळं आहे. बिल्डर म्हणतोय, मूळ नकाशात ओढ्याजवळचा तुकडा पांढरा आहे, म्हणजे तो राखीव नाहीच. तुम्ही सुनावणीला या आणि खरं काय ते सांगा. तुमच्या शब्दापुढे कोण बोलणार?"

काकांचा चहा कपातच निवला.

खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. गडद हिरव्यावर अक्षरं उठत नाहीत, म्हणून पट्ट्याचं नाव लिहायला त्यांनी तेवढी जागा कोरी सोडली होती. सगळेच आरेखक सोडायचे. मग ऐन वेळी साहेब म्हणाले, नाव कोपऱ्यात टाका. नाव कोपऱ्यात गेलं आणि जागा पांढरीच राहिली. आता ती भरायची, तर वाळलेल्या रंगाला ओला रंग भिडला की कडेला डाग उमटतो. काकांच्या नकाशावर डाग? छे! त्यापेक्षा पांढरा तुकडा परवडला, त्याला कोण विचारतंय? आणि खाली त्यांनी वळणदार अक्षरात लिहून टाकलं, 'रंग तपासले. चूक नाही.' शिवाय सहीसुद्धा ठोकली.

आठवडाभर काकांचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी काकूंनीच त्यांना बोलतं केलं.

"मग सांगा की सगळं," त्या म्हणाल्या. "चूक झाली म्हणून कुणी फासावर देत नाही."

"अगं, एकतीस वर्षांचं नाव आहे माझं."

"त्या नावाचं काय लोणचं घालायचंय? ओढा बुजवतील ते."

काका चिडले, कारण काकूंचं बरोबर होतं. नाव राखावं तर पट्टा जाणार होता, आणि पट्टा राखायचा तर भर सभेत स्वतःचं नाक कापून घ्यावं लागणार होतं. साहेब केव्हाच वारले होते. तिसरं कुणी साक्षीला नव्हतं.

सुनावणीच्या खोलीत खिडक्या बंद होत्या आणि पंखा नुसताच कुरकुरत होता. काकांनी घसा खाकरला आणि सगळं सांगून टाकलं. अक्षरांची जागा, साहेबांचा हुकूम, डागाची भीती. कानशिलं तापली, पण मागे वळून पाहिलं तर बाई मान डोलावत होत्या आणि काकांना खरोखर हलकं वाटलं.

बिल्डरचा वकील अगदी अदबीने उठला. "काका, ही सही तुमचीच ना?"

"हो."

"वर 'चूक नाही' असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे खोटं तुम्ही तेव्हा लिहिलंत, की आता बोलताय?"

'आता' म्हणावं तर पट्टा गेला. काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"तेव्हा," ते म्हणाले.

"माझं झालं," असं म्हणून वकील खाली बसला.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने मान खाली घालून बराच वेळ लिहिलं आणि कागद काकांपुढे सरकवला. "वाचून सही करा. काही चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करतो."

कागदावर लिहिलं होतं: 'सरकारी नकाशावर स्वतःच्या सहीने खोटी नोंद केल्याचे साक्षीदार मान्य करतो. त्यामुळे त्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही. अन्य पुरावा नाही. तुकडा नकाशात आहे तसाच धरावा.'

बाई मागून काहीतरी जोरात बोलत होत्या. काकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि कागद ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती. त्यांनी सही केली.